शेऱ्याचा रकाना

नवरा गेल्यानंतर तेविसाव्या दिवशी मी शाळेत हजर झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता. पाहुणे आपापल्या गावी गेले होते. मुलगी लातूरला माझ्या आईकडे परत गेली होती, ती तिथं अकरावीला होती आणि तिचे क्लास बुडत होते. घरात बसून तरी मी काय करणार होते?

शाळेत गेल्यावर सोबतच्या बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांची पाठ थोपटत राहिले. त्यांचंच कुणी गेलं असावं आणि मी भेटायला आले असावे, असं ते चाललं होतं. त्यांचं रडणं थांबल्यावर मी हजेरीपत्रक मागितलं.

माझे मिस्टर रेल्वेत होते, मुदखेडला. एके दिवशी ड्युटीवरून आले, हात धुता धुता खाली बसले आणि उठलेच नाहीत. नांदेडच्या दवाखान्यात चार दिवस होते. पहिले तीन दिवस डॉक्टर एकच सांगत होते, "प्रतिसाद देत नाहीत." चौथ्या दिवशी तेही सांगायचं राहिलं नाही.

मी रडले नाही असं नाही. पहिल्या दिवशी रडले. नंतर काहीतरी बंद झालं. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं मला आख्खंच झालं होतं. लोक म्हणत, बाई किती खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला काही होतच नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी साहेबांनी कार्यालयात बोलावलं. साहेब म्हणजे तालुक्याच्या शाळा ज्यांच्या हाताखाली असतात ते अधिकारी. माणूस वाईट नव्हता. समोर बसवलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तंत्रस्नेही आहात. तुम्हाला वर्गातून काढून तालुक्यावर घेतो. शाळाशाळांत फिरा, शिक्षकांना टीव्ही, टॅब, ॲप वापरायला शिकवा. फिरलात तर मनही रमेल."

तंत्रस्नेही हा शब्द तेव्हा आमच्याकडे पदवीसारखा लावायचे. शाळेत सगळ्यांच्या आधी मी मोबाईलवर धडे तयार केले होते, म्हणून मला तो चिकटला. ते धडे मी घरीच करायची. मिस्टर मोबाईल धरून उभे राहायचे. एकदोन धड्यांत मागून त्यांचा खोकला ऐकू येतो. शिक्षक ते धडे अजून वापरतात, खोकल्यासकट.

मी साहेबांना हो म्हणाले. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

काम सोपं होतं. बहुतेक शाळांना टीव्ही मिळाले होते, कुठं गावाच्या वर्गणीतून, कुठं योजनेतून. कुठं ते चालत होते, कुठं लाईट नव्हती, कुठं रिमोटचे सेल संपले होते आणि आणायला कुणी गेलं नव्हतं. मी जायची, शिक्षकांना एकत्र बसवायची, जोडून दाखवायची, त्यांच्या हातानं करून घ्यायची. तरुण शिक्षक पटकन शिकायचे. वयस्कर शिक्षक मान हलवायचे आणि मी गेले की बंद करायचे. शेवटी फोटो काढायचा, एक तक्ता भरायचा. शिक्षकाचं नाव, टीव्हीचा वापर आहे की नाही, ॲपचा वापर आहे की नाही, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. दिवसाला तीन शाळा व्हायच्या. पूर्वी मला दिवसाला एक जमली नसती, कारण मी लेकरांत बसून राहिले असते. आता लेकरांकडे माझं लक्षच जात नव्हतं.

त्यातच ती शाळा आली. देगलूरच्या पुढं, सीमेला टेकलेलं गाव. पलीकडं तेलंगण. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक तरुण सर, ते तिसरी-चौथी घ्यायचे आणि मुख्याध्यापकाचं कामही बघायचे. दुसरे गुरुजी, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, पहिली-दुसरीला शिकवणारे. मी गेले तेव्हा गुरुजी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि लेकरं त्यांच्या भोवती. भिंतीवर टीव्ही होता. त्यावर निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा पांघरलेला. फ्लेक्सवर कुणाचे तरी जोडलेले हात तेवढे दिसत होते.

"गुरुजी, टीव्ही वापरता का?" मी विचारलं.

"न्हाई वापरत, बाई."

"का?"

"लेकरांना कळत न्हाई त्यातलं."

हे उत्तर मी प्रत्येक शाळेत ऐकलं होतं. कधी लेकरांना कळत नाही, कधी डोळे खराब होतात, कधी पोर्शन मागे पडतो. तरुण सरांनी चहा आणला, तो घेतला, फोटो काढला आणि निघाले. संध्याकाळी पाचच्या आत माहिती वर पाठवायची होती. कार्यालयात बसून मी गुरुजींच्या नावापुढं दोन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'प्रतिसाद नाही'.

लिहिताना मला काही वाटलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी विचारलं की मनात काही राग होता का. राग असता तर बरं झालं असतं. हात लिहीत होता, मी नुसती सोबत होते.

दहाबारा दिवसांनी त्या तक्त्यावरून काही शिक्षकांना नोटिसा निघाल्या. खुलासा सादर करा. त्यात गुरुजी होते.

मग एक दिवस दुपारी गुरुजी कार्यालयात आले. धोतर नाही, साधी पँट आणि पांढरा शर्ट, पण इतका स्वच्छ की बाकीच्यांचे शर्ट मळके वाटावेत. हातात खुलासा. त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. अक्षर असं की छापील वाटावं. मी वाचू लागले तर म्हणाले, "वाचू नका बाई, साहेबाला द्यायचाय. तुमच्याकडं मी दुसऱ्या कामानं आलो."

"बसा ना गुरुजी."

ते बसले नाहीत. "चौतीस वर्सं झाली नोकरीला. कागद पहिल्यांदाच आला. तुम्ही लिहिलं ते खोटं न्हाई. म्या टीव्ही लावत न्हाई, ते खरंच हाय. पण एक सांगा, तुम्ही माझ्या वर्गात किती वेळ बसल्या?"

मी आठवून बघितलं. खोटं सांगायचं कारण नव्हतं. "चहा होईपर्यंत."

"हाव. चहाबी लवकर झाला त्या दिवशी." ते हसले नाहीत. "एक दिवस पुरा बसा. मग काय लिहायचं ते लिहा. म्या खुलासाबी देणार न्हाई मग."

"माफ करा गुरुजी," मी म्हणाले. शब्द बरोबर होते. आवाज मात्र बसस्टँडवर गाडीची वेळ सांगतात तसा निघाला. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. मला वाटतं, माझ्याबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा सैल झाला. "येताना डबा आणू नका," म्हणाले. "खिचडी चांगली असते आमची."

मी सोमवारी गेले आणि प्रार्थनेपासून सुटीपर्यंत लेकरांमागं सतरंजीवर बसून राहिले.

पहिल्या तासाभरातच मला ते कळलं, जे चहाच्या वेळात कळलं नव्हतं. त्या वर्गातली निम्म्याहून जास्त लेकरं घरी तेलुगू बोलणारी होती. गुरुजींची आई पलीकडच्या गावातली, त्यामुळं त्यांनाही तेलुगू येत होतं. ते एक वाक्य मराठीत म्हणायचे, अर्धं तेलुगूत, मग परत मराठीत. पाणी म्हणायचे, लेकरं नीळ्ळू म्हणायची, ते मान डोलवून परत पाणी म्हणायचे. झाड, चेट्टु, झाड. कुणाला चुकलं म्हणून ओरडायचे नाहीत. 'ठ' शिकवताना लेकराला पुढ्यात बसवून स्वतःच्या जिभेकडं बोट दाखवायचे. लेकरू त्यांच्या तोंडात वाकून बघायचं, जसं विहिरीत बघतात.

दुपारच्या खिचडीनंतर त्यांनी स्वतः उठून टीव्हीवरचा फ्लेक्स काढला, रिमोट घेतला आणि दोन मिनिटांत पहिलीचा धडा लावला. त्यांना सगळं येत होतं. त्यांना येत नाही, हे मी धरूनच चालले होते, विचारलंसुद्धा नव्हतं.

धड्यात एक गोड आवाजाची बाई सांगत होती, कोंबडी आणि तिची पिल्लं. शुद्ध, पुस्तकी मराठी, भरभर. पडद्यावर पिवळी पिल्लं धावत होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी मागं वळून गुरुजींना तेलुगूत काहीतरी म्हणाली. बाकीची हसली.

"काय म्हणती ती?" मी विचारलं.

"म्हणती, मांजर कुठं हाय?" गुरुजी म्हणाले. "तेलुगूत पिल्ली म्हंजे मांजर. टीव्हीतली बाई सारखी पिल्लं पिल्लं म्हणून राहिली, अन् हिला मांजर काय दिसंना. आता टीव्हीतल्या बाईला कोण सांगणार? ती काय थांबत न्हाई, विचारतबी न्हाई. म्हणून म्या तिला झाकून ठेवलं."

मी वहीत ते लिहून घेतलं. त्या दिवशी मी बरंच काही लिहून घेतलं. लिहिताना मला कळत होतं की मी या माणसाचं नुकसान केलंय आणि ते भरून काढलं पाहिजे. फक्त कळत होतं. छातीत काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेले. "साहेब, त्या गुरुजींचा शेरा मी न बघता लिहिला. तो बदलायचाय."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, माहिती वर गेली. लिंक बंद झाली. आता मलासुद्धा ते पान उघडत नाही."

"मग?"

"खुलासा समाधानकारक म्हणून इथली फाईल बंद करतो. तेवढं माझ्या हातात आहे." त्यांनी तसं केलंही. पण वरच्या त्या तक्त्यात 'प्रतिसाद नाही' आजही असेल. मी नंतर दोनदा चौकशी केली.

माझ्या हातात जे होतं ते मी करायचं ठरवलं. गुरुजींना म्हणाले, "टीव्हीतली बाई तुमच्या लेकरांची भाषा बोलत नाही. मग तुम्हीच टीव्हीत बोला."

"म्या कशाला? इथं जिता जागता बसलोय की."

हे खरं होतं. उत्तर त्या पुढच्या रांगेतल्या मुलीनं दिलं, मांजर शोधणाऱ्या. दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे, तेलंगणात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. तिला मागं ठेवायला घरात कुणी नव्हतं. आदल्या वर्षीही ती गेली होती आणि परत आली तेव्हा स्वतःचं नावही विसरली होती, म्हणजे लिहायला. यंदा दुसरीत होती आणि नुकती जोडाक्षरं वाचायला लागली होती.

"इथं तुम्ही आहात," मी म्हणाले. "तिथं कोण आहे?"

गुरुजी म्हणाले, "तिच्या मायकडं मोबाईल हाय का, विचारून बघतो."

मोबाईल होता. काच तडकलेला, पण चालू.

आम्ही शाळा सुटल्यावर धडे रेकॉर्ड करायला लागलो. आठवड्यातून दोनदा मी त्या गावी जायची. पहिला धडा अगदी वाईट झाला. गुरुजी मोबाईलकडं बघून ताठ उभे राहिले आणि भाषण केल्यासारखे बोलू लागले. "विद्यार्थी मित्रहो." मी थांबवलं. ते म्हणाले, "बाई, ह्या डब्याकडं बघून बोलता येत न्हाई. समोर लेकरू बसवा." मग आम्ही त्या मुलीलाच मोबाईलच्या शेजारी बसवलं. ती जाईपर्यंतचे सगळे धडे तिच्याकडं बघूनच बोललेले आहेत. गुरुजी विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात. ती उत्तर देते ते आवाजात येत नाही, फक्त गुरुजी ऐकतात आणि "शाबास" म्हणतात. मी ते मोकळे क्षण कापले नाहीत. कापायला हवे होते असं नियमानं कुणीही सांगेल.

गुरुजींनी कापणं, जोडणं, आवाज मोठा करणं, सगळं शिकून घेतलं. वहीत पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, एक, दोन, तीन. चुकलं की स्वतःवरच चिडायचे. "अक्कल गहाण ठेवली काय रे," असं स्वतःलाच म्हणायचे. मी बाजूला बसून राहायची. इतर शिक्षकांना मी जे शिकवत होते तेच यांना शिकवत होते, तेच बटण, तीच पायरी. फरक एवढाच होता की यांना ते कुणासाठी करायचं ते माहीत होतं.

ती मुलगी दिवाळीनंतर गेली. गुरुजींनी दर सोमवारी एक धडा पाठवायला सुरुवात केली. पहिले तीन आठवडे पलीकडून काही आलं नाही. चौथ्या आठवड्यात मी शाळेत असतानाच त्यांच्या मोबाईलवर एक आवाजाचा निरोप आला. गुरुजींनी तो कानाला लावला, मग मला ऐकू यावा म्हणून मोठा केला. मागं बायकांचं बोलणं, विटा रचल्याचा आवाज, कुणीतरी खोकतंय, आणि त्यातून ती मुलगी वाचत होती. दुसरीच्या पुस्तकातला उतारा. अडखळत, एका शब्दावर तीनदा थांबत. शेवटी म्हणाली, "गुरुजी, इथं मांजर हाय. दोन हायत." मराठीत म्हणाली.

गुरुजींनी डोळ्यांना रुमाल लावला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी वर्गातच बसून राहिले. माझ्या लक्षात आलं की अशा वेळी माणसाला भरून येतं. मी वाट बघितली. मग घड्याळ बघितलं, देगलूरची गाडी चारला होती.

त्यानंतर जानेवारीत आमच्या केंद्राची शिक्षण परिषद झाली. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, तिला हे भारी नाव आहे. मला नेहमीप्रमाणं ॲपचं सादरीकरण करायचं होतं. त्याऐवजी मी गुरुजींना उभं केलं. मागच्या बाकांवर मोबाईल बघत बसलेले शिक्षक आधी तसेच बसले होते. गुरुजींनी फार काही सांगितलं नाही. एक धडा लावला, मग मुलीचा निरोप लावला आणि म्हणाले, "माझ्या नावापुढं वापर न्हाई म्हणून लिवलंय. ते ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं कोण कोण बाहेरगावी जातं, ते तुम्हाला ठावं हाय. त्येंच्यासाठी तुमच्या आवाजात करा. टीव्हीतली बाई तुमच्या लेकराला वळखत न्हाई."

ते बोलत असताना सगळ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, कारण 'वापर नाही' कुणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली नाही. लाज वाटली असती तर घातली असती.

परिषद संपल्यावर पाच जण माझ्यापाशी आले. मी त्याआधी महिनोन्‌महिने फिरत होते, पण आपणहून कुणी आलं, असं पहिल्यांदाच झालं. एक सर म्हणाले, "मॅडम, आम्हालाबी दाखवा ते कापायचं." त्यांच्या शाळेतली लेकरं ऊसतोडीला जायची. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं काम केलं.

मार्चमध्ये लातूरला विभागाची कार्यशाळा होती. साहेबांनी मला आणि गुरुजींना पाठवलं. आम्ही नांदेडहून एसटीनं गेलो. गुरुजी खिडकीपाशी बसले. अहमदपूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुमचे मालक गेले त्याला किती दिस झाले?"

"सात महिने."

"माझी बायको गेली तवा म्या दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. लेकरांनी पाढे म्हटले, म्या ऐकले. वरीसभर ऐकूनच राहिलो. काय ऐकलं ते आठवत न्हाई." ते एवढंच बोलले आणि डोळे मिटून घेतले. पुढं काय झालं, ते कधी बरे झाले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कार्यशाळेत मोठमोठी सादरीकरणं झाली, रंगीत, हलणाऱ्या चित्रांची. गुरुजींचा नंबर जेवणानंतर आला, म्हणजे झोपेच्या वेळी. अर्धं सभागृह पेंगत होतं. त्यांचं संपल्यावर कुणी टाळ्याही धड वाजवल्या नाहीत. पण बाहेर चहापाशी निलंग्याकडच्या एक बाई आल्या, हातात वही घेऊन. त्यांच्या वर्गात कन्नड बोलणारी लेकरं होती. "गुरुजी, तुम्ही दोन भाषांच्या मधे थांबता, ते किती वेळ थांबायचं?" असा त्यांनी प्रश्न विचारला. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नव्हता. गुरुजी खूश झाले. दोघं उभ्या उभ्याच अर्धा तास बोलत राहिले आणि चहा गार झाला. त्या बाईंनी पुढं कन्नड-मराठी धड्यांची आख्खी मालिका केली. मला अजून त्या पाठवतात.

त्या संध्याकाळी मी आईकडं गेले. मुलगी टेबलापाशी अभ्यास करत होती. मी तिच्या पलंगावर बसले. तिनं पुस्तकातून मान वर न काढताच विचारलं, "आई, तू बाबांचं नावच काढत नाहीस. तुला काहीच होत नाही का?"

आईनं स्वयंपाकघरातून डोकावलं आणि परत आत गेली.

मी तिला खोटं सांगू शकले असते. "नाही होत गं," मी म्हणाले. "बघते आत, पण काही सापडत नाही."

तिनं पेन ठेवलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. "मलापण नाही होत," म्हणाली. "मला वाटलं, मीच एकटी अशी वाईट."

ती येऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघी तशाच समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. भिंतीवर तिचं रसायनशास्त्राचं कोष्टक लावलेलं होतं. थोड्या वेळानं आईनं जेवायला हाक मारली आणि आम्ही जेवलो. त्या दिवशी मी पोटभर जेवले, एवढं आठवतं.

गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाला गाव लोटलं होतं, सीमेपलीकडूनही माणसं आली होती. ती मुलगी भट्टीवरून परतली होती आणि चौथीत जाणार होती. तिनं कागदावर लिहून आणलेलं चार ओळींचं भाषण न थांबता वाचलं. गुरुजींनी जाताना त्यांची पायऱ्यांची वही तरुण सरांना दिली. धडे आता तेच करतात. त्यांना तेलुगू येत नाही, म्हणून गावातल्या एका आजीला शेजारी बसवतात.

मी साहेबांना अर्ज दिला, मला वर्गावर परत पाठवा. ते म्हणाले, "मॅडम, काम तर छान चाललंय." मी म्हणाले, "माझ्याशिवाय चालतंय, म्हणूनच." जूनमध्ये मला मुदखेडकडच्या एका गावात शाळा मिळाली.

तिथं पहिल्याच आठवड्यात कपाटाची चावी मागितली, तर मुख्याध्यापक म्हणाले, "त्यात टॅब आहेत मॅडम. तसेच ठेवलेत. मुलांनी फोडले तर जबाबदारी कुणाची?" त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आठ टॅब, खोक्यात, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. दोन वर्षं.

"मुलांनी हातात कधी घेतले?" मी विचारलं.

"उद्घाटनाला. फोटोपुरते."

आणि मग मी ओरडले. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. फोडू द्या म्हणाले, फुटायलाच दिलेत म्हणाले, लेकरांच्या वस्तूंना कुलूप लावणारे तुम्ही कोण म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. मुख्याध्यापक चावी पुढं धरून उभे होते, पण मला ती दिसत नव्हती, कारण डोळ्यांत पाणी होतं. कान गरम झाले होते. जवळजवळ दोन वर्षांनंतर मला काहीतरी झालं होतं आणि तो राग होता.

मी नंतर त्यांची माफी मागितली. या वेळी शब्द नीट आले नाहीत. ते बिचारे म्हणाले, "असू द्या मॅडम, तुमचं बरोबरच आहे."

टॅब चार्जिंगला लावले. आठातले पाच सुरू झाले, उरलेल्या तिन्हींच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी ते पाच मुलांच्या मधोमध सतरंजीवर ठेवले. एकेकाभोवती चारपाच डोकी जमली आणि लगेच भांडणं सुरू झाली, माझा नंबर, तुझा झाला, सोड ना. मी त्यांना थोडा वेळ भांडू दिलं, मग जाऊन मधे बसले.